गरम झाली की बंद

शिरपूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. देवचंद मामांस,
सविनय जयभीम.

मामीच्या मोबाईलवर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मामी म्हणाली, "तुना मामाले सांगसू, काळजी करू नको." तुमच्यापर्यंत काय पोचलं कोण जाणे, कारण रविवारी उलट निरोप आला की शिल्पाची गाडी चांगली चालते हे समजून आनंद झाला. मामा, गाडी चांगली चालत नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामीला गाडीतलं कळत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. पोस्टात नोकरी करते, मग पत्र लिहायला लाज कसली?

हकीकत अशी. सकाळी शिरपूरच्या पोस्टातून थैली घेऊन निघते तेव्हा गाडी पहिल्या किकमध्ये सुरू होते. पंधरा-सोळा किलोमीटर अगदी छान. पुढे सातपुड्याचा चढ लागला, इंजिन चांगलं तापलं, की दोनदा आचके देते आणि बंद. किक मारून मारून पाय दुखतो, तरी ढिम्म. थोडं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. येतानाही तेच. इथल्या झुलाल मिस्त्रीने कार्बोरेटर साफ केला, नवा प्लग घातला, चौकातून एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "टकाटक." दुसऱ्या दिवशी टकाटक गाडी त्याच चढावर बंद पडली. हे सगळं जानेवारीच्या शेवटापासून. एक मात्र बरं झालं. पूर्वी खडकाळ रस्त्याला टाकीच्या झाकणातून पेट्रोल उडून पुढे ठेवलेली थैली भिजायची, ते आपोआप थांबलंय.

आता खरी भीती सांगते, ती मामीला वाचून दाखवू नका. पाड्यांवरचं टपाल वाटून दुपारी साडेतीनच्या आत थैली शिरपूरला जमा करावी लागते, कारण चार वाजता ती धुळ्याच्या गाडीत चढते. गेल्या पंधरवड्यात दोनदा मी पोचले तेव्हा ती गाडी निघून गेली होती. साहेब माणूस चांगले आहेत, पण म्हणाले, तिसऱ्यांदा असं झालं तर लेखी जाब द्यावा लागेल, आणि तुम्हाला डाकसेवक म्हणून ठेवायचं की नाही ते मग वरून ठरेल. यादीत माझं नाव लागलं तेव्हा तुम्ही सगळ्या पिंप्राळ्यात पेढे वाटले होते. ही नोकरी गेली तर मी कोणत्या तोंडाने घरी येऊ?

गाडी तुमची, तुम्हीच दिलेली. तिचं काय दुखतं ते तुम्हीच सांगा.

तुमची भाची,
शिल्पा


पिंप्राळा, जळगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. शिल्पा हिस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मामीला वाचून दाखवलं नाही. तिने ते माझ्या उशीखालून काढून स्वतःच वाचलं. पहिला प्रश्न तिचा, "पोरले आदी इचारा, येळवर जेवस का?" तेव्हा जेवतेस की नाही ते कळव, म्हणजे मला पुढचं बोलता येईल.

चाळीस वर्षं मी गाड्या ऐकल्या. गिऱ्हाईक वळणावर असतानाच मी सांगायचो, याचा टॅपेट वाजतोय, त्याची चेन सैल आहे. त्याच इंजिनांनी माझे कान खाल्ले. आता मागून ट्रक हॉर्न देत असला तरी मला तो मुका. म्हणून माझे कान तू आणि हातही तूच. मी लिहीन ते जसंच्या तसं करायचं आणि दिसेल तेवढंच लिहायचं. "बहुतेक" आणि "असं वाटतं" हे शब्द माझ्या गॅरेजमध्ये चालत नव्हते, पत्रातही चालणार नाहीत.

झुलाल मिस्त्रीला माझा नमस्कार सांग. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणाऱ्यातला दिसतो. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, तर ती गरम असतानाच बघायची, हे त्याला कोणी शिकवलं नाही का?

इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. तिसरी हवा, ती फुकट आहे, ती धरत नाही. आता गाडी चढावर बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, जाड फडकं धरून प्लग काढ. प्लग त्याच्या टोपीत घालून इंजिनाच्या लोखंडाला टेकव आणि किक मार. निळी ठिणगी पडली तर लिही, पिवळट पडली तर लिही, नाही पडली तरी लिही. प्लग ओला की कोरडा तेही बघ. हे झाल्यावर मगच कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू थोडा सैल कर आणि किती पेट्रोल गळतं ते बघ. ठिणगी आणि सांडलेलं पेट्रोल एका वेळी नको, नाहीतर गाडीबरोबर टपालही जळेल.

आणि नोकरी जाण्याची भाषा पुन्हा लिहू नकोस. मी दिलेली गाडी माझ्या भाचीची नोकरी खाणार असेल, तर मी मिस्त्री कसला?

तुझा मामा,
देवचंद


शिरपूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. मामांस सविनय जयभीम.

जेवते. रोज भाकरी बांधून नेते, मामीला सांगा.

सांगितलं तसं सगळं केलं. ठिणगी निळी आणि चांगली कडक. प्लग अगदी कोरडा. बुडाचा स्क्रू सैल केला तर चार थेंब गळले आणि संपलं. म्हणजे टाकी अर्धी भरलेली असूनही खाली पेट्रोल पोचत नाही, हे मलाही कळलं. झुलाल मिस्त्रीला सांगितलं तेव्हा त्याने टाकी उतरवून धुतली, कॉकची जाळी साफ केली, पाइप नवा घातला. माझ्यासमोर पाइप बाटलीत सोडला, तर अशी धार लागली की बाटली बघता बघता भरली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मामा, दुसऱ्या दिवशी त्याच जागी बंद. शेजारच्या शेतातला माणूस आता हात करून विचारतो, "आज उशीर झाला, ताई?" थैली तीन पंचवीसला जमा केली. पाच मिनिटांनी वाचले. मला रात्री झोपेतसुद्धा आचके बसतात.

शिल्पा


पिंप्राळा, जळगाव,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. शिल्पा हिस आशीर्वाद, जयभीम.

दोन दिवस डोकं खाजवतोय. मामी म्हणते उरलेले केसही जातील.

घरी धार लागते आणि चढावर थेंब येत नाही. पाइप नवा, जाळी साफ, टाकी धुतलेली. मग चढावर असं काय होतं जे घरी होत नाही? आणि त्याहून मोठा प्रश्न असा, की बंद पडलेली गाडी थोड्या वेळाने आपोआप सुरू का होते? तू लिहितेस "थोडं थांबलं की". थांबतेस म्हणजे काय करतेस? दगडासारखी उभी राहत नसशील. गाडी बंद पडल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत तू जे जे करतेस ते ओळीने लिही. पाणी पितेस, शिव्या देतेस, शिंकतेस, सगळं. कधी लवकर सुरू होते आणि कधी उशिरा, तेही लिही. यात माझ्यापासून काही लपवू नकोस. गिऱ्हाईक अर्धं सांगतं तेव्हाच मिस्त्री पुरा फसतो.

देवचंद


शिरपूर,
१ मार्च २०२५

ती. मामांस सविनय जयभीम.

जे व्हायचं ते झालं. गुरुवारी, २७ तारखेला, थैली सव्वाचारला पोचली. शुक्रवारी हातात कागद मिळाला. वारंवार उशीर का होतो याचा लेखी खुलासा १२ मार्चपर्यंत द्यायचाय. साहेब हळूच म्हणाले, "कारण पक्कं लिहा. गाडी बंद पडते एवढ्यावर भागणार नाही." पण कारण मला माहीत असतं तर मी गाडी बंद पडू दिली असती का?

तुम्ही विचारलं ते लिहिते. एक गोष्ट लपवली होती, तीही लिहिते. गाडी बंद पडली की मी उतरते, झाकण उघडून पेट्रोल बघते, झाकण लावते, पाणी पिते आणि किक मारते. पाच-सात मिनिटांत सुरू होते. झाकण का उघडते, तर मला चोरीचा संशय आहे. गाडी अगदी पेट्रोल संपल्यासारखीच बंद पडते ना! वरच्या पाड्यावर गाडी जात नाही, म्हणून मी ती खालच्या पाड्यात करमसिंगच्या अंगणात लावून चालत जाते. करमसिंग आणि त्याची बायको रुपली कोरडवाहू शेती करतात, उन्हाळ्यात जंगलातून डिंक आणतात. माणसं मायाळू, पण मागे कोण काय करतं काय सांगावं, असं माझ्या मनाने घेतलं. मागच्या आठवड्यात चार माणसांत मी विचारलं, माझ्या गाडीतलं पेट्रोल कोण काढतं? नाव घेतलं नाही, पण बघत होते करमसिंगकडेच. तेव्हापासून गाडी शाळेपाशी लावते. तरीही ती बंद पडतेच.

आणि २७ तारखेचं. शाळा बंद होती म्हणून पुस्तकांचं पार्सल परत आणत होते. ते टाकीवर बांधलेलं, दोरी सोडायचा कंटाळा केला, म्हणून झाकण उघडून बघितलं नाही. नुसती बसून राहिले. पाऊण तास गाडी हलली नाही. त्यातच उशीर झाला.

मामा, अकरा दिवस उरलेत.

शिल्पा


पिंप्राळा, जळगाव,
४ मार्च २०२५

चि. शिल्पा,

सापडलं! हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय, तुमच्याच खात्याला चार पैसे जास्त मिळू देत.

झाकण उघडलंस तर पाच मिनिटं, नाही उघडलंस तर पाऊण तास. अगं, तू रोज गाडी दुरुस्त करत होतीस आणि तुलाच पत्ता नव्हता! तेलाच्या डब्याला आपण एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, हवा आत जायला दुसरं पाडावं लागतं. टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा झाकणातल्या बारीक भोकातून आत जायला पाहिजे. ते भोक बंद झालं की टाकी आतून ओढून धरते आणि पेट्रोल सोडत नाही. गरमीचा संबंध नाही. गाडी तापायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात टाकी आवळते, म्हणून आपण सगळे फसलो. झुलालने पाइप बाटलीत सोडला तेव्हाही झाकण नुकतंच उघडून लावलेलं असणार. त्याला मी उगाच नावं ठेवली.

आता माझं पाप ऐक. तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की पेट्रोल उडायचं ते आपोआप थांबलंय. पेट्रोल बाहेर उडायचं थांबलं, म्हणजे भोक बुजलं; खरा मिस्त्री त्या ओळीवर थांबला असता. मी ती वाचली आणि घाईने पुढे गेलो. कारण ते झाकण मूळचं नाही. मूळचं हरवलं होतं, मी भंगारातलं एक बसवून दिलं. भोकाखाली पेट्रोल अडवणारी त्याची आतली पट्टी गेलेली, म्हणून त्या भोकातून पेट्रोल उडायचं. मला माहीत होतं. तेवढ्याने काय होतं, असं म्हणून मी गप्प बसलो आणि तुझी थैली भिजत राहिली. लाज वाटते लिहायला.

उद्या गाडी बंद पडली की हेल्मेट काढ, कान झाकणाजवळ ने आणि झाकण हळूच फिरव. हवा आत शिरल्याचा आवाज येतो का ते ऐक. मग ते भोक बघ. धुळीने बुजलं असेल तर टाचणीने मोकळं कर. आणि त्या करमसिंगला चोर म्हणालीस ते मला आवडलं नाही.

देवचंद


शिरपूर,
८ मार्च २०२५

ती. मामांस सविनय जयभीम.

आवाज आला! झाकण अर्धं फिरवलं आणि सुस्स करून टाकीने श्वास घेतला. इतके दिवस हेल्मेटमुळे मला तो ऐकूच आला नव्हता. एका किकमध्ये गाडी सुरू झाली. मी रस्त्यावर एकटीच हसत होते.

पण भोकात धूळ नव्हती. पिवळसर, काचेसारखं कडक काहीतरी होतं, अगदी नीट बोट फिरवून बसवलेलं. पेट्रोलने ते विरघळलं नव्हतं. बाटलीतलं पाणी लावलं तेव्हा चिकट झालं आणि टाचणीने निघालं. तो डिंक होता, मामा. धावड्याचा डिंक. आमच्या वाटेवर डिंक कोणाकडे असतो ते मला माहीत होतं.

तशीच करमसिंगच्या अंगणात गेले. रुपली सुपात डिंकच निवडत होती. मला बघून तिने मान खाली घातली. करमसिंगसमोर मी तो तुकडा धरला. घरात ते पावरी बोलतात, माझ्याशी मोडकी अहिराणी. तो शांतपणे म्हणाला, "हाव, मीच बुजं."

"का पण?"

"पोरीना कागद पेट्रोलमा खराब व्हयना. आखो कोणा व्हवाले नको, म्हनीसन."

तेव्हा मला आठवलं. जानेवारीत त्याच्या हेमलताचं नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र माझ्या थैलीत पेट्रोलने भिजलं होतं. हाताने लिहिलेली तारीख पुसली गेली. बाप-लेक चौकशीला शिरपूरला धावले, तेव्हा कळलं की प्रवेशाचा तो शेवटचाच दिवस आहे. प्रवेश मिळाला, म्हणून मी विसरून गेले. तो विसरला नव्हता. गाडी अंगणात असताना त्याने बघितलं की पेट्रोल कुठून येतं, आणि घरात जे होतं त्याने ते भोक बंद केलं. पाड्यावरचं कोणाचंच पत्र पुन्हा भिजू नये म्हणून.

मी म्हटलं, "मला सांगितलं का नाही?" तर म्हणतो, "भोक बुजानं काय सांगानं?"

रुपली मात्र गप्प बसली नाही. सूप खाली ठेवून म्हणाली, "आमना घरमा गाडी नही. पेट्रोल काय पिई तो?" मी दोघांची माफी मागितली. कारण समजावून सांगितलं, माझ्यावर आलेल्या कागदाचं आणि १२ तारखेचंही सांगितलं. करमसिंग एवढंच म्हणाला, "मनामुळे तुनी नोकरी जाई?" आणि उठून आत गेला. त्याने माफ केलं की नाही, कळलं नाही.

तीन दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. थैली मी आता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागे बांधते. खुलासा लिहिलाय, त्यात करमसिंगचं नाव घातलेलं नाही. त्याला एकदा चारचौघांत चोर ठरवलं तेवढं पुरे.

शिल्पा


शिरपूर,
१२ मार्च २०२५

ती. मामांस सविनय जयभीम.

आज सकाळी खुलासा घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. लिहिलं होतं की टाकीच्या झाकणाच्या भोकात डिंक बसल्याने पेट्रोल उतरत नव्हतं, आता दुरुस्ती झाली आहे, वाहनाची काळजी घेण्यात माझीच चूक झाली. साहेबांनी वाचलं आणि दाराकडे बोट केलं. "या कागदात डिंक कोणी लावला ते नाही. आणि तो माणूस पोस्ट उघडल्यापासून इथे बसलाय, माझं नाव लिहून घ्या म्हणून. मी खरं कोणाचं मानू?"

दारात करमसिंग होता. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजाराचे दिवस, सगळ्या जीपा माणसांनी भरलेल्या, म्हणून मध्यरात्रीच निघून चालत आला होता. मामा, सव्वीस किलोमीटर! उपरण्याच्या गाठीत पुरावा म्हणून डिंकाचा खडा. साहेबांच्या टेबलावर तो ठेवून म्हणाला, "लिखी ल्या, साहेब. भोक मीच बुजं. ताईना गुन्हा नही."

साहेबांनी खडा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. मग माझ्या खुलाशावर शेरा लिहिला की कारण समाधानकारक आहे, पुढे काळजी घ्यावी, आणि फाइल बंद केली. नोकरी राहिली, मामा. मला तिथेच रडू फुटलं. साहेबांनी शिपायाला चहा सांगितला, तीन कप.

थैली घेतली आणि करमसिंगला म्हटलं, बस मागे. तो गाडीकडे बघत उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, "बस ना, करमसिंगभाऊ." मग बसला. आम्ही दोघं त्याच चढावरून गेलो आणि गाडीने एक आचकासुद्धा दिला नाही. शेतातल्या माणसाने आज हात केला, पण त्याला काही विचारायला वेळच मिळाला नाही.

तुमची,
शिल्पा


पिंप्राळा, जळगाव,
१७ मार्च २०२५

चि. शिल्पा हिस खूप खूप आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र वाचून मी रडलो. मामीला वाटलं कोणीतरी वारलं, तीही रडायला लागली. मग तिने पत्र वाचलं, मला रागावली, आणि पुन्हा रडली. आता दोघांना हलकं वाटतंय. रात्री पुरणपोळ्या झाल्या.

मी तुझ्या साहेबांना पत्र लिहायला बसलो होतो की मूळ गुन्हा माझा, भंगारातलं झाकण मी लावलं. मामीने कागद ओढून घेतला. म्हणाली, फाइल बंद झाली ना, आता तुम्ही ती उघडू नका.

कान गेले तेव्हा मी गॅरेज विकलं आणि मनातल्या मनात स्वतःलाही भंगारात काढलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझी गाडी मी न ऐकता दुरुस्त केली, या आनंदात आठ दिवस आहे. पण खरं सांगू? मी फक्त कारण शोधलं. नोकरी त्या माणसाच्या पायांनी वाचवली.

नवीन झाकण घेतलंय, आतल्या पट्टीसकट, दुकानातलं. हवा आत जाईल आणि पेट्रोल बाहेर येणार नाही. पार्सल आजच टाकलं. त्यावर तुझं नाव नाही, करमसिंगचं आहे. तूच त्याच्या घरी नेऊन दे, सही घे, आणि गाडी पुन्हा त्याच्या अंगणात लाव. झाकण त्याच्याच हाताने बसवून घे.

तुझा मामा,
देवचंद